बातम्यावाल्या बाईच्या गालाचा रंग

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हातानं येत नाही. कुणी भिंतीचा खरवडलेला पापुद्रा कागदात बांधून आणतं, कुणी उशीचा अभ्रा, एकानं तर कपाटाचं अख्खं दार खांद्यावर टाकून आणलं होतं. म्हणणं सगळ्यांचं एकच: अगदी अस्साच रंग द्या. आणि ते सगळं जायचं शेडकाकांच्या पुढ्यात.

शेडकाका ती वस्तू काउंटरवर कधीच बघत नसत. ट्यूबलाइटखाली रंग पसंत करणारा माणूस आणि झोपेत सही करणारा माणूस त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी. ते वस्तू घेऊन दुकानाच्या दारात जात, उजेडाकडे पाठ करून डोळे बारीक करत, आणि परत येऊन डब्यात थोडं हे, किंचित ते असं टाकून ढवळायला बसत. रंग कालवायचं यंत्र दुकानात येऊन बरेच दिवस झाले होते, पण यंत्रातून निघालेला डबा मालक अजून हळूच काकांकडे सरकवत. काका झाकण उघडत, वासावरून ओळखल्यासारखं तोंड करत आणि म्हणत, "जरा पिवळ्यावर गेलंय." मालक निमूटपणे डबा परत नेत.

बाहेरही काकांचा हा चष्मा उतरत नसे. गल्लीत पाकीटमारी झाली तेव्हा चोरानं काय घातलं होतं हे पाचजणांनी पाच प्रकारे सांगितलं. काका म्हणाले, राखाडी शर्ट होता, पण निळ्याकडे झुकलेला. चोराचं तोंड मात्र त्यांनी बघितलं नव्हतं.

एवढ्या तयारीच्या डोळ्यांच्या माणसाच्या घरातला टीव्ही चांगला दिसायला नको? तो दिसत नव्हता. त्यावरची माणसं दुपारी झोपून उठल्यासारखी मलूल दिसत. मालिकेत रात्रीचा प्रसंग असला की नुसता काळोख आणि काळोखातून संवाद, म्हणजे टीव्ही बघतोय की रेडिओ ऐकतोय हे कळायचं नाही. काकूंची तक्रार जुनी होती. खून कुणी केला हे त्या मालिकेतल्या पोलिसांना कळलं, शेजारणीला कळलं, काकूंना कळलं नाही, कारण खून अंधारात झाला होता.

काकांनी उपाय केले नाहीत असं कुणी म्हणू नये. पडदा मऊ फडक्यानं पुसला. मागच्या जाळीतली धूळ फुंकून स्वतःच्या डोळ्यात घालून घेतली. समोरच्या खिडकीला जाड पडदा लावला, तेव्हा खोलीतलाही काळोख टीव्हीतल्या काळोखाला जाऊन मिळाला. शेवटी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं वायर ओढून बघितली, टोकाची पिन बदलली, मग रिमोट हातात घेतला आणि आत काय काय लावून ठेवलंय ते बघून काकांकडे वळला.

"काका, वायरीला काही झालेलं नाही. हे तुम्हीच असं ठेवलंय."

हे खरं होतं. टीव्ही घरी आला त्याच दिवशी काकांनी त्याचे रंग दोन्ही हातांनी ओरबाडून काढावेत तसे कमी केले होते. कंपन्या रंग भडक लावून पाठवतात, बघणाऱ्याला भुलवायला, हे त्यांचं ठाम मत. खरा रंग शांत असतो. पुढे टीव्ही म्हातारा झाला, त्याचा मूळचा उजेडही मंदावला, पण काकांनी लावलेलं होतं तस्संच राहिलं. केबलवाला बटण दाबायला लागला तर काकांनी त्याचं मनगट धरलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि जाताना काकूंना म्हणाला की काकांना सोडून बाकी सगळं ठीक आहे.

आणि अशातच साडूंनी नवा टीव्ही घेतला.

साडू म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर राहायचे. माल वाहतुकीच्या कंपनीत बुकिंगला होते, त्यामुळे सगळं आयुष्य ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून बोलण्यात गेलेलं. घरातही ते मीठ मागत ते समोरच्या ड्रायव्हरला हाक मारल्यासारखं. रंगातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. दिवाणखान्याच्या भिंतीला त्यांनी जो हिरवा फासला होता तो रंगांच्या नमुन्यांच्या शेडकार्डावर आहे हेसुद्धा काका मान्य करायला तयार नव्हते. आणि नेमक्या त्याच हिरव्या भिंतीवर आता हा मोठाच्या मोठा टीव्ही जाऊन बसला होता.

सगळे बघायला गेले. काकाही गेले. पडद्यावर पोपट होते. लाल असे की डोळ्यांत बोट जावं. साडूंनी काकांना बाजूच्या स्टुलावर बसवलं, काकूंच्या पाठीला मात्र स्वतः उशी दिली. काकू बघतच राहिल्या.

"भावोजी, तुमच्याकडे कसं लख्ख दिसतं हो," त्या म्हणाल्या.

यावर साडूंनी गप्प बसायला काही हरकत नव्हती. पण ते म्हणाले, "आमचे साडूबुवा रंगातले दर्दी. पण त्यांच्याकडे बातम्या बघितल्या ना, की वाटतं सगळ्या देशाला बरं नाहीये."

सगळे हसले. त्याचं काही नाही, लोक कशालाही हसतात. पण काकूही हसल्या, आणि त्या हसल्या ते तोंडाला पदर लावायचंही भान न राहता. काकांच्या पोटात जे कालवलं गेलं त्याची शेड कुठल्याही कार्डावर नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून काकू संध्याकाळी बहिणीकडे मालिका बघायला जायला लागल्या. जाताना चहा थर्मासमध्ये भरून ठेवत, वर "साखर घातलीय" एवढं सांगून जात. काका दुकानातून घरी यायचे, थर्मासमधला चहा कपात ओतायचे आणि आपल्या खुर्चीत बसायचे. शेजारची खुर्ची रिकामी. समोर मलूल माणसं. काकांनी त्या माणसांकडे कधी फारसं लक्ष दिलंच नव्हतं. संध्याकाळी शेजारी बसून "हा कोण? हा मेला होता ना?" असं विचारणारं कुणीतरी असायचं, आणि काका "मला काय ठाऊक" असं उत्तर द्यायचे, एवढाच त्यांचा आणि टीव्हीचा संबंध. आता हा कोण, हे साडू सांगत असणार. साडूंना सगळं ठाऊक असे. पुढच्या आठवड्यात काय होणार तेही.

खिडकीचा जाड पडदा सरकवला की समोर साडूंच्या दिवाणखान्याचं आतलं छत दिसे. त्या छतावर टीव्हीचा उजेड नाचे, कधी जांभळा, कधी केशरी. गल्ली ओलांडून हसण्याचे आवाज येत, आणि त्या सगळ्यात काकूंचं हसणं काकांना वेगळं काढता येई, राखाडीतून निळा काढावा तसं. ही घरी अशी कधी हसली होती हे आठवायला काका बसले, की थर्मासमधला चहासुद्धा निवे.

बरं, हे बोलायचं कुणाशी? चांगला पिकल्या केसांचा माणूस, आपली बायको सख्ख्या बहिणीकडे जाऊन बसते म्हणून जळतोय, हे ऐकून कुणी पाठ थोपटली नसती. म्हणून काकांनी स्वतःच्या मनाला सांगितलं की प्रश्न तत्त्वाचा आहे. हिला लख्ख हवंय ना? मग घरात लख्ख करून दाखवू. हिरवी भिंत लावणाऱ्या माणसाला जे जमतं ते मला जमू नये?

आता दोन घरांतले दोन टीव्ही एकमेकांसारखे करायचे कसे? दुसरा कुणी असता तर त्यानं साडूंकडे जाऊन सरळ विचारलं असतं, रिमोटवर काय लावलंय? काकांची जीभ झडली असती पण हे त्यांनी विचारलं नसतं. त्यांनी आपल्या धंद्याची रीत काढली. समोर नमुना ठेवायचा, कार्डाशी ताडायचा, आणि कार्डाबरहुकूम माल तयार करायचा. दुकानातून त्यांनी एकाच छपाईची दोन शेडकार्डं आणली. एक काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, आज जरा लवकर जा, बातम्यांच्या वेळेला. तिथे बातम्या लावायला सांग, मी इथे त्याच लावतो. त्या बातम्यावाल्या बाईच्या गालाशी कार्ड धर आणि मला फोनवर शेड सांग.

काकूंनी कार्डाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात हे कार्ड त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होतं. "बरं," त्या म्हणाल्या, कारण लख्ख चित्र त्यांना हवंच होतं.

फोन आला.

"गाल बघतेय," काकू म्हणाल्या. "विटकरी आहे."

"विटकरी म्हणजे काय? विटकरीच्या पाच शेड आहेत. ट्यूबलाइट चालू आहे का तिथे?"

"आहे ना."

"बंद करायला सांग."

पलीकडे कुजबूज झाली. दिवा बंद झाला. मग कार्ड दिसेना. मग काकांनी सांगितलं की टॉर्चचा उजेड कार्डावर टाका, पडद्यावर नको. त्यावर लांबून साडूंचा आवाज आला की घरात वीज असताना आम्हाला दरोडेखोरासारखं का बसवलंय. बहीण म्हणाली, तुम्ही टॉर्च नीट धरा. काकूंनी बराच वेळ घेतला. काकांना त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"'भाजकी वीट'," त्या शेवटी म्हणाल्या. "नाही, थांबा. 'भाजकी वीट' गालाच्या कडेला. मध्ये तिच्या आधीची आहे, 'तापलेला तवा'."

काका खुर्चीत सरळ बसले. हे उत्तर दुकानातल्या कुणालाही पहिल्याच दिवशी देता आलं नसतं. त्यांच्याकडची तीच बाई, तोच गाल, 'शिळी साय' या शेडवर होता. ते कामाला लागले. कलर वाढवला, ब्राइटनेस वर नेला, कॉन्ट्रास्ट ताणला, आणि प्रत्येक पायरीला पडद्याजवळ कार्ड नेऊन बघितलं. बाई सायीतून हळूहळू वर आली, गव्हाच्या रंगाला टेकली, तांबूस झाली आणि अखेर तव्यासारखी तापली. मधेच जाहिराती आल्या तेव्हा दोन्ही घरांत सगळे बाईची वाट बघत अंधारात बसून राहिले. मग कोटाचा रंग जुळवला, मागच्या पट्टीचा जुळवला.

काकांनी मागे होऊन बघितलं आणि त्यांना शिसारी आली. पण शेड मात्र तंतोतंत बसली होती.

"ये आता," ते फोनवर म्हणाले.

काकू आल्या, दारातूनच बघितलं आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "अगदी तसंच केलंत हो." त्या संध्याकाळी मालिका घरी बघितली गेली. हा कोण, असं दोनदा विचारलं गेलं. काकांनी दोन्ही वेळा "मला काय ठाऊक" म्हटलं आणि केशरी माणसांच्या उजेडात ते धन्य होऊन बसले. डोळ्यांना त्रास होत होता, पण सुख म्हटलं की थोडं सोसावं लागतं. समोरच्या छतावरही केशरी उजेड नाचत होता. आज तिकडून हसण्याचा आवाज येत नव्हता, हे काकांनी पडदा सरकवून मुद्दाम खात्री करून घेतलं.

पण कार्ड काकूंच्या हातात गेलं होतं, आणि तिथेच घोळ झाला. ते त्यांनी परत दिलंच नाही. बाजारात त्या भाजीवाल्याला म्हणाल्या, ही वांगी कालच्यापेक्षा काळ्यावर गेलीत. बहिणीला म्हणाल्या, ताई, तुझ्या भिंतीचा हिरवा कार्डावर नाहीये, मी सगळं कार्ड बघितलं. आणि मग एका संध्याकाळी मालिका ऐन रंगात आलेली असताना त्या खुर्चीतून उठल्या आणि नायिकेच्या गालाशी कार्ड धरून उभ्या राहिल्या.

"अहो, ही 'भाजकी वीट' आहे."

"असेल," काका म्हणाले.

"माणसाचा गाल असा असतो का?"

काकू वळल्या आणि कार्ड घेऊन त्यांच्यासमोर आल्या. मान जरा वाकवून त्यांनी कार्ड काकांच्या गालाला लावलं. इतक्या जवळून त्यांनी नवऱ्याकडे बघितल्याला किती काळ लोटला होता, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. काका श्वास रोखून बसले, डॉक्टर तपासतो तेव्हा बसावं तसे.

"तुम्ही 'ओली माती'," काकू म्हणाल्या. "कानापाशी जरा 'पिकलं पान'." मग पडद्याकडे बघून त्या पुढे म्हणाल्या, "आपलं पहिलं होतं तेच बरं होतं. जरा मंद होतं, पण माणसं माणसांसारखी होती. पहिल्यासारखं करा ना."

हे वाक्य ऐकायला काका कित्येक वर्षं थांबले होते. त्यांनी रिमोट उचलला आणि अंगठा बटणावरच अडला. पहिल्यासारखं म्हणजे कसं? नवा रंग कालवण्याआधी जुन्याचा एक तुकडा जपून ठेवायचा, हा दुकानातला पहिला नियम. नव्या पोराला काका तो आधी शिकवत आणि मग नाव विचारत. साडूंवरच्या ईर्ष्येपायी त्यांनी स्वतःच तो मोडला होता. काय किती होतं, कशाचीही आठवण ठेवलेली नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं.

ते काकूंना तसं म्हणाले. तोंड पाडून म्हणाले. काकू रागावतील असं त्यांना वाटलं होतं, पण काकूंनी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवली, मांडीवर कार्ड उघडलं आणि म्हणाल्या, "मग शोधू. तुम्ही बटणं दाबा, मी बघते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी शोध चालू झाला. काका एक पायरी खाली येत, काकू कार्ड धरत आणि म्हणत, अजून तापलीय. काका कॉन्ट्रास्ट सोडत, काकू म्हणत, आता मेली बिचारी, परत आणा. मालिका आपली मागे चालू राही. त्यातलं एक लग्न मोडलं, एकजण तुरुंगातून सुटून आला, दोघांनाही पत्ता नाही. कधी काका म्हणत हिरवं चढलंय, काकू म्हणत तुमच्या डोळ्यांत चढलंय. आणि एकदा एका खलनायकाचा रंग सगळ्या प्रयत्नांनी साडूंच्या भिंतीसारखा झाला, तेव्हा काकू अशा हसल्या, अशा हसल्या, की काकांनी उठून खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला. ऐकू जायचं असेल त्याला जाऊ दे.

ऐकू गेलंच असावं, कारण साडू आले. बहिणीला बरोबर घेऊन आले आणि दारात नेहमीच्या आवाजात म्हणाले की काय साडूबुवा, आमच्याकडे कुणी फिरकत नाही, टीव्ही एकटा बोलत असतो. मग त्यांनी आत येऊन बघितलं. दोन खुर्च्या चिकटलेल्या, दोघांची डोकी एका कार्डावर, आणि टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नाही. बसा म्हटल्यावर साडू स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जी छटा आली ती काकांनी झटकन ओळखली, कारण ती कित्येक दिवस त्यांनी आरशात बघितली होती. मनातल्या मनात त्यांनी ती कार्डावर ताडूनही घेतली.

"आमच्याकडची माणसं पण जरा बघायला हवीत," साडू म्हणाले. आवाज ट्रकवाल्यांना ऐकू गेला नसता इतका खाली आला होता. "ही म्हणते, सगळे भाजल्यासारखे दिसतात."

काकूंना मायेचा उमाळा आला. "तुमच्याकडची तर फारच भाजलीत, भावोजी," त्या म्हणाल्या. "इकडचं एकदा लागू दे, मग मी येते कार्ड घेऊन. रोज संध्याकाळी बसू, तुम्ही टॉर्च धरा. होऊन जाईल."

साडू खूश होऊन गेले. काकूंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. काका जागचे हलले नाहीत. रोज संध्याकाळी. टॉर्च. टीव्हीपुरतं ठीक होतं, पण आता हिचा डोळा, जो त्यांच्या दुकानातून, त्यांच्या कार्डावरून घडला होता, तो त्या हिरव्या भिंतीसमोर बसून साडूंना शहाणं करणार.

दुसऱ्या दिवशी बातम्या लागल्या. काकूंनी कार्डाची पुढची घडी उघडली आणि खाली मान घालून त्या 'पिकलं पान'च्या शेजारचा चौकोन शोधू लागल्या. काकांनी कलर थोडा उतरवला. ब्राइटनेस एक पायरी खाली आणला. आणि पडद्यावर ती बाई आली, शांत, जराशी मलूल, संध्याकाळच्या उजेडात दारात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईसारखी. गाल गालाच्या रंगाचा होता. कोट कोटाच्या. काकांना कार्ड लागलं नाही. हे तेच होतं, इतक्या वर्षांपूर्वी त्यांनी लावलेलं. आपण तेव्हा किती बरोबर होतो हे त्यांना पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि हे ओरडून सांगावं अशी त्यांना फार ओढ लागली.

काकू अजून खाली बघत होत्या. "झालं का काही?" त्यांनी विचारलं.

काकांचा अंगठा बटणावर होता. काकूंनी मान वर करायच्या आत तो एकदा खाली गेला, आणि बाईच्या गालावर किंचित तांबूस झाक चढली.

"जवळ आलंय," काका म्हणाले.

काकूंनी कार्ड उचलून पडद्याशी धरलं, डोळे बारीक केले आणि मान हलवली. "नाही हो, अजून जरा तापलीय."

"असू दे," काका म्हणाले. "उद्या बघू."